‘दादरला उतरतो’: इथे नि की दे? जपानी शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे: शब्द पाठ होतात, क्रियापदांची रूपं जमतात, पण वाक्य लिहायला बसलं की पार्टिकल, म्हणजे नामाला जोडायचा ‘नि’, ‘दे’, ‘ओ’सारखा छोटा शब्द, चुकतो. म्हणून हा महिना फक्त पार्टिकलांचा.

उत्तरांआधी एक आग्रह. मुंबईतल्या बऱ्याच वर्गांत जपानी इंग्रजीतून शिकवली जाते आणि ‘नि म्हणजे इन, ॲट, टू’ अशी यादी वहीत उतरते. ती यादी बाजूला ठेवा. आपण घरात, घराला, घराचा म्हणतो. जपानी माणूसही नामाच्या शेवटीच पार्टिकल जोडतो. क्रियापद दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटी येतं. मराठीतून थेट जपानीत गेलात तर बरेचसे पार्टिकल आपसूक बरोबर पडतात. जिथे मराठीही दगा देते त्या जागा मोजक्या आहेत, आणि तेवढ्याच लक्षात ठेवायच्या आहेत.

प्रश्न: पुस्तकात ‘हा’ हे अक्षर छापलेलं असतं आणि बाई ‘वा’ वाचतात. मोबाइलवर ‘वा’ टाइप केलं तर ते चूक म्हणतात. लिहायचं काय आणि वाचायचं काय? (डोंबिवली)

उत्तर: असे पार्टिकल तीनच. ‘हा’ लिहून ‘वा’ वाचायचं, ‘हे’ लिहून ‘ए’ वाचायचं, आणि ‘वो’च्या अक्षराचा उच्चार ‘ओ’ करायचा. 1946 मध्ये जपानने ‘काना’चं, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या जपानी अक्षरांचं, लेखन उच्चाराच्या जवळ आणलं तेव्हा बाकीच्या शब्दांचं लेखन बदललं, या तीन पार्टिकलांची जुनी अक्षरं मात्र तशीच राहू दिली. टाइप करताना पहिल्यासाठी एच-ए, दुसऱ्यासाठी एच-ई आणि तिसऱ्यासाठी डब्ल्यू-ओ दाबा. डब्ल्यू-ए दाबलंत की ‘वा’चं दुसरंच अक्षर उमटतं आणि तेच बाई चूक म्हणतायत. ‘कोन्निचिवा’ आणि ‘कोन्बान्वा’ यांच्या शेवटीही हाच पार्टिकल आहे, त्यामुळे तिथेही ‘हा’चं अक्षर.

शब्दाच्या आतला ‘हा’ मात्र ‘हा’च राहतो. ‘हाहा वा’ म्हणजे ‘आई तर…’ हे हिरागानात, म्हणजे साध्या काना अक्षरांत, लिहिलं की एकच अक्षर ओळीने तीनदा दिसतं. पहिली दोन ‘हा’, तिसरं ‘वा’. वाचताना अडखळायला होतं ते इथेच. म्हणून पहिले काही आठवडे वाचताना प्रत्येक पार्टिकलखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि थांबायचंच असेल तर पार्टिकलनंतर थांबा, आधी नको. ‘मुंबई’ म्हणून थांबून मग ‘ला’ असं आपण बोलत नाही, तसंच.

प्रश्न: ‘दादरला उतरतो’ यासाठी मी ‘दादारु नि ओरिमास’ लिहिलं. चूक निघाली. पण ‘दादरला पोचतो’साठी ‘दादारु नि त्सुकिमास’ बरोबर निघालं. दोन्हीकडे मराठीत ‘ला’च आहे, मग फरक कुठला? (ठाणे)

उत्तर: मराठीचा ‘ला’ आणि ‘त’ दोन्ही कामं करतात, जपानी ती वाटून देते. एखादी वस्तू किंवा माणूस जिथे असतो, राहतो, पोचतो, बसतो, शिरतो ती जागा ‘नि’ची. जिथे काही केलं जातं किंवा घडतं ती जागा ‘दे’ची. पोचणं म्हणजे त्या जागी येऊन टेकणं, म्हणून ‘नि’. दादरला उतरणं ही दादरच्या फलाटावर घडलेली क्रिया आहे, म्हणून ‘दे’.

रोजचा लोकलचा प्रवास यासाठी उत्तम सराव आहे, कारण त्यात सगळे पार्टिकल एकापाठोपाठ येतात. ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्या माणसाची सकाळ अशी होईल:

माइआसा शिचिजि नि उचि ओ देमास. (रोज सकाळी सात वाजता घरातून निघतो.)
ताने दे देन्शा नि नोरिमास. (ठाण्याला गाडीत चढतो.)
दादारु दे नोरिकाएमास. (दादरला गाडी बदलतो.)
आन्देरि दे देन्शा ओ ओरिमास. (अंधेरीला गाडीतून उतरतो.)
कुजि नि काइशा नि त्सुकिमास. (नऊ वाजता ऑफिसला पोचतो.)

चढण्याला गाडीपाशी ‘नि’, कारण आपण गाडीत जाऊन स्थिरावतो. उतरण्याला आणि घरातून निघण्याला मात्र ‘ओ’: जी जागा मागे सोडतो तिला जपानीत ‘ओ’ लागतो. ‘गाडीतून’ आहे म्हणून ‘देन्शा कारा’ लिहिण्याचा मोह होतो. चढ-उतारासाठी शिकायचं रूप ‘देन्शा ओ ओरिमास’ हेच. ज्या वाटेवरून चालतो किंवा जो पूल ओलांडतो त्यालाही ‘ओ’: मिचि ओ आरुकिमास, हाशि ओ वातारिमास. इथे मराठीचा ‘रस्त्याने’ फसवतो, कारण ‘ने’ म्हटलं की हात ‘दे’कडे जातो. साधनाचा ‘ने’ असेल तरच ‘दे’: लोकलने, देन्शा दे, पेनाने, पेन दे. चालत जाण्याला मात्र ‘दे’ नाही, ‘आरुइते इकिमास’ म्हणा.

आता जिथे हमखास गफलत होते ते. ‘वर्गात खुर्ची आहे’ आणि ‘वर्गात परीक्षा आहे’, मराठीत दोन्ही वाक्यं अगदी सारखी. जपानीत पहिलं ‘क्योशित्सु नि इसु गा आरिमास’, दुसरं ‘क्योशित्सु दे शिकेन गा आरिमास’. क्रियापद तेच आरिमास, तरी पार्टिकल वेगळा, कारण खुर्ची तिथे असते आणि परीक्षा तिथे होते. लग्न, सभा, मॅच, परीक्षा यांच्या जागेला ‘दे’. मराठी वाक्यातल्या ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून बघा. अर्थ टिकला तर ‘दे’.

‘वहीत लिहितो’ हे कृती असूनही ‘नोतो नि काकिमास’ होतं. लिहिलेलं त्या वहीत जाऊन बसतं, म्हणून. ‘वर्गात लिहितो’ असेल तर ‘क्योशित्सु दे काकिमास’. आणि ‘नोकरी करतो’ याला दोन क्रियापदं आहेत: ‘गिन्को दे हाताराइते इमास’ आणि ‘गिन्को नि त्सुतोमेते इमास’. दोन्हींचा अर्थ ‘बँकेत नोकरी करतो’, पण पहिल्यात काम करण्यावर भर आहे, दुसऱ्यात तिथल्या नोकरीत असण्यावर. क्रियापद पाठ करताना त्याच्याबरोबर पार्टिकलही पाठ करा असं आम्ही म्हणतो ते यासाठीच: नुसतं ‘नोरु’ (चढणं) नको, ‘नि नोरु’, नुसतं ‘आउ’ (भेटणं) नको, ‘नि आउ’.

प्रश्न: वेळेला ‘नि’ कधी लावायचा आणि कधी नाही? (वसई)

उत्तर: घड्याळातला किंवा कॅलेंडरवरचा ठरलेला आकडा असेल तर लावा: सात वाजता, पाच जूनला, 2020 साली. आजपासून मोजलेली वेळ असेल तर लावू नका: आज, उद्या, काल, पुढचा आठवडा, गेलं वर्ष. मराठीत आपण ‘पुढच्या आठवड्यात’, ‘गेल्या वर्षी’ म्हणतो म्हणून ‘राइश्यु नि’, ‘क्योनेन नि’ लिहिलं जातं, ते खोडा. ‘रोज’ आणि ‘सकाळी’ यांनाही लागत नाही. वाराला, म्हणजे ‘निचियोबि’सारख्या शब्दाला, लावला काय आणि न लावला काय, दोन्ही चालतं.

प्रश्न: ‘मला आंबा आवडतो’ यात ‘मान्गो ओ’ का नाही? आंबा हे कर्म नाही का? आणि ‘मला’साठी ‘वाताशी नि’ का नको? (गिरगाव)

उत्तर: आंबा हे कर्म नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच वाक्यात आहे. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’, ‘मला कैरी आवडते’. क्रियापद कोणाप्रमाणे बदलतंय? आंब्याप्रमाणे, कैरीप्रमाणे. म्हणजे मराठीतही आवडणारी वस्तूच कर्त्याच्या जागी बसली आहे. जपानीत ती जागा ‘गा’ची: वाताशी वा मान्गो गा सुकि देस. ‘आय लाइक मँगो’वरून गेलं की ‘ओ’ येतो. मराठीवरून गेलात तर येणार नाही.

यातून एक फार कामाची कसोटी मिळते. वाक्य मराठीत ‘मी’ने सुरू होत असेल तर वस्तूला ‘ओ’, ‘मला’ने सुरू होत असेल तर वस्तूला ‘गा’. मी जपानी शिकतो: निहोन्गो ओ बेन्क्यो शिमास. मला जपानी कळतं: निहोन्गो गा वाकारिमास. मी डोंगर बघतो: यामा ओ मिमास. मला डोंगर दिसतो: यामा गा मिएमास. मी गाणं ऐकतो: उता ओ किकिमास. मला गाणं ऐकू येतं: उता गा किकोएमास. हवं असणं (होशी), जमणं (देकिमास), वेळ असणं किंवा नसणं (जिकान गा आरिमासेन), ताप असणं (नेत्सु गा आरिमास) सगळं याच रांगेत. बघणं आणि दिसणं, ऐकणं आणि ऐकू येणं हा भेद मराठीत रक्तातच आहे. त्याचा फायदा घ्या.

कसोटी तीन ठिकाणी मोडते. एक, ‘मला माहीत आहे’ यासाठी ‘शित्ते इमास’ म्हणायचं आणि त्याला ‘ओ’च लागतो. दोन, ‘मला पाणी प्यायचंय’ याला ‘मिझु गा’ आणि ‘मिझु ओ’ दोन्ही चालतात. तीन, ‘मला त्याने पुस्तक दिलं’ यात ‘मला’ म्हणजे घेणारा, ते वाक्यच वेगळं. तिथे पुस्तकाला ‘ओ’ आणि घेणाऱ्याला ‘नि’.

‘वाताशी नि’बद्दल: सुरुवातीला ‘मला’साठी ‘वाताशी वा’ म्हणा, आणि कोणाबद्दल बोलतोय ते कळत असेल तर तेही गाळा. नुसतं ‘मान्गो गा सुकि देस’ पूर्ण वाक्य आहे.

‘ला’बद्दल आणखी एक सावधगिरी. माणसाला कर्म केलं की मराठी ‘ला’ लावते: ‘तानाकांना पाहिलं’. जपानीत ते ‘तानाका-सान ओ मिमाशिता’. ‘तानाकांना भेटलो’ मात्र ‘तानाका-सान नि आइमाशिता’, आणि ‘सरांना विचारलं’ हे ‘सेन्सेइ नि किकिमाशिता’. इथे सरसकट नियम शोधण्यापेक्षा क्रियापदासोबत पाठांतर बरं.

प्रश्न: ‘वा’ आणि ‘गा’ दोन्ही कर्त्याला लागतात. कितीही वाचलं तरी गोंधळ जात नाही. (मुलुंड)

उत्तर: ‘वा’ कर्त्याचा पार्टिकलच नाही, गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘वा’ने आपण बोलण्याचा विषय समोर ठेवतो, ‘…चं म्हणाल तर’. तो विषय कर्ता असेल, कर्म असेल, जागाही असेल. ‘गा’ मात्र कर्ता दाखवतो.

सुरुवातीला चार गोष्टी पक्क्या केल्या तरी बरंच काम होतं. प्रश्नार्थक शब्द कर्ता असेल तर नेहमी ‘गा’, आणि उत्तरातही ‘गा’. दारे गा किमास का? (कोण येणार?) तानाका-सान गा किमास. (तानाका येणार.) ‘दारे वा’ कधीच होत नाही, कारण जो कोण ते माहीतच नाही तो बोलण्याचा विषय कसा होणार?

दुसरं, पहिल्यांदा नजरेस पडलेलं ते ‘गा’, ओळखीचं झालं की ‘वा’. ‘तिथे एक मांजर आहे. ते मांजर पांढरं आहे.’ आसोको नि नेको गा इमास. सोनो नेको वा शिरोइ देस. मराठीत ‘एक’ जिथे येतो तिथे बहुधा ‘गा’ आणि ‘ते’ जिथे येतो तिथे बहुधा ‘वा’. खिडकीतून बघून ‘पाऊस पडतोय’ म्हटलं तर ‘आमे गा फुत्ते इमास’; पावसाचं बोलणं आधीच चालू असेल आणि ‘थांबला का’ विचारायचं असेल तर ‘आमे वा यामिमाशिता का’.

तिसरं, तुलना करताना दोन्हीकडे ‘वा’. ‘मासे खातो, पण मटण नाही खात’: साकाना वा ताबेमास गा, निकु वा ताबेमासेन. मासे आणि मटण दोन्ही कर्म आहेत, तरी ‘ओ’ जाऊन ‘वा’ आला. मधला ‘गा’ हा ‘पण’ या अर्थाचा वेगळाच शब्द आहे, त्याला कर्त्याचा ‘गा’ समजू नका.

चौथं थोडं पुढचं आहे, पण मराठी माणसाला लवकर लागतं, कारण आपण अशी वाक्यं दिवसभर बोलतो. ‘आईने केलेली पोळी’, ‘मी घेतलेलं पुस्तक’ अशा रचनेत आतल्या कर्त्याला ‘गा’: हाहा गा त्सुकुत्ता चापाति. ‘वा’ तिथे बसत नाही. ‘आईने’मधला ‘ने’ बघून ‘हाहा दे’ तर मुळीच नको. पूर्ण वाक्य ‘आईने पोळी केली’ असेल तर ‘हाहा वा चापाति ओ त्सुकुरिमाशिता’. मराठीत भूतकाळात ‘ने’ येतो आणि क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं. जपानीत भूतकाळामुळे पार्टिकल बदलत नाही.

प्रश्न: ‘लाल गाडी’ला ‘आकाइ नो कुरुमा’ का चुकीचं? (नेरुळ)

उत्तर: ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त लिंगवचनाशिवाय. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर, सगळीकडे ‘वाताशी नो’. टेबलाच्या वर: त्सुकुए नो उए. स्टेशनच्या समोर: एकि नो माए. दोन नामं जोडायची असतील तर ‘नो’ लावा. ‘आकाइ’ नाम नाही, विशेषण आहे, ते थेट लागतं: आकाइ कुरुमा. आपणही ‘लालची गाडी’ म्हणत नाही. ‘शिझुका’सारख्या विशेषणांना ‘ना’ लागतो: शिझुका ना हेया (शांत खोली). गाडी हा शब्दच गाळून ‘लाल आहे ती’ म्हणायचं असेल, तेव्हा मात्र ‘आकाइ नो’ बरोबर.

प्रश्न: ‘पाचपर्यंत ये’ असं म्हणताना ‘गोजि मादे’ का खोडलं? (बोरिवली)

उत्तर: ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत ये’ यांतले दोन ‘पर्यंत’ वेगळे आहेत. पहिल्यात थांबणं पाचपर्यंत चालू राहतं: गोजि मादे मात्ते कुदासाइ. दुसऱ्यात पाचच्या आत कधीतरी एकदा यायचं आहे: गोजि मादे नि किते कुदासाइ. मुदत असेल तर ‘मादे नि’. ऑफिसच्या मेलमध्ये ही चूक महागात पडते, कारण शुक्रवारपर्यंत फाइल द्या म्हणजे ‘किन्योबि मादे नि’. ‘नऊ ते पाच’साठी साधं ‘कुजि कारा गोजि मादे’ पुरतं.

प्रश्न: ‘तो’ने दोन वाक्यं जोडली तर चालतं का? (कल्याण)

उत्तर: नाही. ‘आणि’ या अर्थाचा ‘तो’ फक्त नामं जोडतो: होन तो नोतो, पुस्तक आणि वही. त्यात यादी पूर्ण असते. ‘वगैरे’ म्हणायचं असेल तर ‘या’: होन या नोतो. क्रिया जोडायला क्रियापदाचं ‘ते’ रूप घ्या, जे आपल्या ‘ऊन’सारखंच चालतं. ‘उठून, चहा पिऊन निघतो’: ओकिते, ओचा ओ नोन्दे, देकाकेमास. ‘सरांशी बोलतो’मधला ‘शी’ही ‘तो’च आहे: सेन्सेइ तो हानाशिमास.

प्रश्न: जपानी ‘का’ आणि मराठी ‘का’ एकच समजू का? ‘ने’ आणि ‘यो’ कधी? (परळ)

उत्तर: ‘येतोस का?’मधला शेवटचा ‘का’ जसाच्या तसा चालतो. फरक एवढाच की ‘कुठे’, ‘काय’, ‘कधी’ असले की आपण ‘का’ लावत नाही, आदराच्या जपानीत तिथेही लावतात: दोको ए इकिमास का (कुठे जाता?). आणि आपला ‘का’ म्हणजे ‘कशासाठी’, तो हा नव्हे. त्यासाठी ‘नाझे’ किंवा ‘दोशिते’.

‘ने’ म्हणजे आपला ‘ना’, समोरच्याने दुजोरा द्यावा म्हणून. ‘यो’ने समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट सांगायची, ‘बरं का’सारखी. वरिष्ठांशी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘यो’ लावलात तर शिकवल्यासारखं वाटतं. वाटेत कुणाचा रुमाल पडला तर ‘ओचिमाशिता यो’ अगदी योग्य.

प्रश्न: एन-फाइव्हची, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी, परीक्षा द्यायची आहे. पार्टिकलांचा सराव घरी कसा करू? (विक्रोळी)

उत्तर: पाठ्यपुस्तकातला आठ-दहा वाक्यांचा एक उतारा वहीत उतरवा, पण पार्टिकलांच्या जागा रिकाम्या ठेवून. दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे वाक्यं डोक्यातून गेलेली असतील, मग भरा. चुकलेल्या प्रत्येक जागी फक्त बरोबर पार्टिकल लिहून थांबू नका. शेजारी क्रियापद लिहा आणि त्या जोडीची स्वतःची दोन नवी वाक्यं करा. महिन्याभरात दिसेल की त्याच त्या मोजक्या जोड्या चुकतात. त्यांची एक वेगळी पानभर यादी ठेवा आणि ती गाडीत वाचा.

ऐकण्यासाठी रोज तीन-चार वाक्यांचं श्रुतलेखन करा. ‘ओ’ आणि ‘नि’ बोलताना इतके हलके येतात की कानाला निसटतात. लिहिलं की कुठे निसटले ते समजतं. मित्रमंडळींच्या बोलण्यात ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ गाळलेही जातात, ‘गोहान ताबेता?’ (जेवलास का?) असं. तुम्ही मात्र अजून गाळू नका. ‘दे’, ‘कारा’, ‘तो’ तर तेही सहसा गाळत नाहीत.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि मुंबईत केंद्र आहे. एकूण 180 पैकी 80 गुण हवेत, पण तेवढ्यावर भागत नाही: भाषाज्ञान आणि वाचन मिळून 120 पैकी किमान 38, आणि ऐकण्याच्या 60 पैकी किमान 19. नुसतं ऐकण्यावर विसंबून व्याकरण सोडून देता येत नाही ते यामुळे.

व्याकरणात चार तुकडे चार रिकाम्या जागांत क्रमाने लावून, चांदणी छापलेल्या जागी कोणता येतो हे विचारणारे प्रश्न असतात. तिथे आधी अर्थ शोधत बसू नका. पार्टिकल कधीच एकटा सुरुवातीला येत नाही, त्याला आधीचं नाम लागतं. म्हणून पहिल्यांदा नाम आणि पार्टिकल यांच्या जोड्या बांधा. ‘त्सुकुए नो’ आणि ‘आरिमास का’ यांच्यामध्ये ‘नि’, ‘उए’, ‘गा’, ‘नानि’ लावायचे असतील तर ‘उए नि’ आणि ‘नानि गा’ या जोड्या लगेच जमतात. ‘नो’नंतर ‘उए’ बसतो: त्सुकुए नो उए नि नानि गा आरिमास का. चांदणी तिसऱ्या जागी असेल तर उत्तर ‘नानि’. उत्तरपत्रिकेत फक्त चांदणीच्या जागेचा आकडा रंगवायचा असतो. क्रम बरोबर लावूनही घाईत पहिल्या जागेचा आकडा रंगवला जातो. म्हणून प्रश्नपत्रिकेवरच चारही आकडे क्रमाने लिहा आणि चांदणीखालच्या आकड्याला गोल करून मगच उत्तरपत्रिकेकडे वळा.